खलाशाचा रेनकोट आणि मनगटावरची गळवं

पावसाळी मासेमारीबंदी संपून ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्या, की दोन-तीन आठवड्यांत माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. मनगटाभोवती बांगडीसारखी लाल फोडांची रांग, जांघेत गजकर्ण, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या. दवाखाना रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून जवळ. त्यामुळे हे रुग्ण बहुतेक खलाशी आणि तांडेल.

अनेक वर्षं मी त्यांना एकच सांगत आलो. स्वच्छ राहा, अंग कोरडं ठेवा, रोज धुतलेले कपडे घाला. एक तांडेल सलग तिसऱ्या वर्षी तेच मनगट घेऊन आला, तेव्हा मी जरा आवाज चढवूनच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, आंघोळ दोन वेळा करतो. तुम्ही एकदा आमचा कोट घालून या बोटीवर."

गेलो. सप्टेंबरची सकाळ होती, पाऊस भुरभुरत होता. त्यांनी मला जाड पीव्हीसीचा कोट, छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट आणि गमबूट दिले. अर्ध्या तासात माझा गंजीफ्रॉक पिळून काढावा इतका भिजला, आणि बाहेरचा एक थेंबही आत आलेला नव्हता. तो सगळा माझाच घाम होता.

इथे थोडं शरीरशास्त्र. घाम आला म्हणजे शरीर थंड होतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात घाम *वाळल्यावर* शरीर थंड होतं. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. तोच घाम नुसता ओघळून बुटात साचला, तर थंडावा जवळजवळ शून्य. पीव्हीसीचा थर पाणी अडवतो तशी वाफही अडवतो. आतली हवा दमट होते, घाम वाळत नाही, शरीर तापतं आणि म्हणून आणखी घाम सोडतं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं, या तक्रारी मी पूर्वी 'बोट लागली असेल' म्हणून सोडून देत असे.

असे कपडे मुळात थंड समुद्रासाठी घडले. नॉर्वेच्या हेली हॅन्सनने १८७७ साली जवसाच्या तेलात भिजवलेले लिननचे कोट विकायला सुरुवात केली, ते बर्फाळ वाऱ्यात काम करणाऱ्यांसाठी. तिथे आत थोडी ऊब कोंडली तर बरंच. आपल्याकडे २८ अंश तापमान आणि भरलेली हवा. 'मग श्वास घेणारं महागडं कापड घ्यावं का?' असं काही बोटमालक विचारतात. त्या कापडातली सूक्ष्म छिद्रं वाफ बाहेर सोडतात हे खरं, पण त्यासाठी आतल्यापेक्षा बाहेर वाफ बरीच कमी असावी लागते. कोकणच्या पावसाळी हवेत हा फरक कमी पडतो. त्यात मीठ, खवले आणि माशाचं तेल बसलं की बाहेरचं कापड ओलं होऊन राहतं आणि उरलासुरला फायदाही जातो.

आता मनगट. रेनकोट शिवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हात खाली सोडून पावसात उभा असलेला माणूस असतो. जाळं ओढणाऱ्याचे हात वर असतात. पाणी जाळ्यावरून तळव्यावर, तिथून बाहीत आणि थेट काखेपर्यंत जातं. ते येऊ नये म्हणून बाहीच्या टोकाला घट्ट इलॅस्टिक असतं. पाणी तरीही शिरतं, आणि आता त्याला बाहेर पडायला वाट नसते. खारट, ओली, कडक कड हजारो वेळा त्याच जागी घासते. त्वचा मऊ पडून सोलवटते आणि स्टॅफिलोकोकस जंतू आत शिरतात. इंग्लंडच्या ट्रॉलरवरच्या खलाशांनाही हेच होई. तिथे या गळवांना 'सॉल्टवॉटर बॉइल्स' म्हणत, आणि बाहीची कड कातडीला लागू नये म्हणून काही जण मनगटात पितळी साखळी घालत.

आणखी एक गोष्ट मला कोणी आपणहून सांगितली नव्हती. लघवीला जायचं तर कोट काढा, खांद्यावरचे पट्टे सोडा, पँट उतरवा, तेही हलत्या बोटीवर. म्हणून माणसं पाणीच कमी पितात. घाम लिटरवारी आणि पाणी चार घोट. मुतखड्याचे इतके खलाशी माझ्याकडे का येतात, याचं निदान काही अंशी त्या पट्ट्यांत होतं.

आता मी काय सांगतो? पाऊस नसेल तेव्हा कोट काढा, नुसती पँट आणि सुटी बाही पुरते. आत सुती गंजीऐवजी पटकन वाळणारी पॉलिस्टरची गंजी घाला. मनगटावर आधी व्हॅसलीन, बंदरावर आल्यावर गोडं पाणी. कोटाचं अस्तर आणि कडाही गोड्या पाण्याने धुऊन उलट्या करून वाळवा. गमबूट दोन जोड, आलटून पालटून. आणि जांघेतल्या गजकर्णाला मेडिकलमधून 'थ्री-इन-वन' ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या क्लोबेटासोलसारख्या स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि पुढे महिनोन्‌महिने हटत नाही. गळवासोबत ताप आला, लाल रेघ हातावर वर चढू लागली किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. बोट परत यायला वेळ लागणार असेल तर तांडेलाला सांगा, लपवू नका.

त्या तांडेलाने स्वतःच एक उपाय काढला. चांभाराकडून कोटाच्या दोन्ही काखांत चार-चार भोकं पाडून त्यांना पितळी रिंगा बसवून घेतल्या, आणि इलॅस्टिक कापून तिथे बंद शिवला, हवा तेव्हा सैल करता येईल असा. यंदा बोटीला नवे कोट आले, तेही इलॅस्टिकचेच, कारण बाजारात तेच मिळतात. परवा तो आठही कोट पिशवीत भरून दवाखान्यात आला होता. भोकं काखेतच बरी की पाठीवर झापेखाली, एवढंच विचारायला. पाठीवरही पाडा म्हटलं, झाप मोठी ठेवून. मनगट दाखवायचं तो विसरला, मीच पाहिलं. जुने काळे डाग होते, नवीन फोड एकच.