ती घोंगडी कुठून आली?

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेले, मराठी गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेले. तरी मिरजेत रविवारच्या मॅटिनीला इंग्रजी चित्रपट लागला की ते हमखास जायचे. शिलाई मशीनवर कापड टाकायचे, गळ्यातली टेप खुंटीला अडकवायचे आणि मला म्हणायचे, "चल रे, घोडेवाला पिच्चर है." घोडे, वाळवंट आणि बंदुका एवढं असलं की त्यांना पुरे. 'मॅकेनाज गोल्ड' त्यांनी किती वेळा पाहिला याची मोजणी अम्मीनं ठेवली होती, त्यांनी नव्हे.

पण त्यांचा खरा जीव 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'वर. सर्जिओ लिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९६६च्या डिसेंबरात इटलीत आला. आमच्याकडे तो कधीतरी खूप उशिरा, ओरखडे पडलेल्या प्रिंटवर पोहोचला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ, कब्रस्तानात पुरलेलं सोनं आणि त्यामागे लागलेली तीन माणसं, एवढीच गोष्ट. एकाला कब्रस्तान माहीत, दुसऱ्याला कबरीवरचं नाव माहीत, म्हणून एकमेकांना मारताही येत नाही. तिसरा दोघांच्या मागावर.

१९८१ साली मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. एका संध्याकाळी माझे दोन मित्र दुकानात येऊन बसले होते आणि मी माझं ज्ञान पाजळत होतो. लिओनी आणि क्लिंट ईस्टवुड या जोडीचे तीन चित्रपट. पहिला १९६४चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स', दुसरा १९६५चा 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' आणि तिसरा हा. अब्बा काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "नहीं रे. येच पिच्चर पहिला है."

मी म्हटलं, "छापलेल्या तारखा आहेत, अब्बा."

"तारीख रहने दे. वो घोंगडी उसने इसमेंच उठाया ना?"

मित्र हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "अब्बा, तुम्हाला इंग्रजी कुठं कळतं?"

अब्बा काही बोलले नाहीत. काज पुरं केलं, दातानं दोरा तोडला. त्यानंतर ते सिनेमाला जात राहिले, मला मात्र "चल रे" म्हणाले नाहीत. १९९४ साली त्यांचा इंतकाल झाला. मधल्या तेरा वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो. दुकानाबद्दल, बहिणींच्या लग्नाबद्दल, १९९२ नंतरच्या दिवसांबद्दलही. या एका विषयावर नाही.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा मी या चित्रपटावरचं जे मिळेल ते वाचू लागलो. आणि जगभरचे त्याचे वेडे चाहते चाळीस-पन्नास वर्षं ज्यावर वाद घालत आले आहेत ते वाचून गप्प झालो. पहिल्या दोन चित्रपटांत ईस्टवुडच्या अंगावर ती मधोमध गळा कापलेली घोंगडी आहे. पोंचो म्हणतात तिला. तिसऱ्या चित्रपटात ती नाही. जवळजवळ अखेरपर्यंत तो लांब कोट घालून हिंडतो. मग शेवटाकडे, पूल उडवल्यानंतर, एका पडक्या इमारतीत त्याला मरणासन्न कोवळा सैनिक दिसतो. तो आपला कोट काढून त्या पोराच्या अंगावर घालतो, आपल्या चिरुटाचा झुरका त्याला देतो. पोरगं मरतं. तिथेच ती घोंगडी पडलेली असते. ती उचलून, अंगावर चढवून तो कब्रस्तानाकडे निघतो. म्हणजे सर्वांत शेवटी काढलेला चित्रपट गोष्टीच्या हिशेबानं पहिला. काही जण हे मानत नाहीत. तिन्हीतला माणूस एकच हे कुणी सांगितलं, असं ते विचारतात. तोही मुद्दा आहे. पण अब्बांनी जे पाहिलं होतं ते पडद्यावर होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. शिंपी माणूस, अंगावरचा कपडा बदलला की त्याची नजर आधी तिथे जाणारच.

याहून मोठा धक्का पुढे होता. या चित्रपटाला इंग्रजी म्हणावं असं मूळ रूपच नाही. दिग्दर्शक इटालियन, त्याचं इंग्रजी अगदी जेमतेम. टुकोचं काम करणारा इलाय वॉलॅक न्यूयॉर्कचा. ते दोघं आपसात फ्रेंच बोलत. बरंचसं चित्रण स्पेनमध्ये, हाताशी स्पॅनिश सैनिक. कॅमेऱ्यासमोर प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोले आणि आवाज नंतर बसवले जात. इंग्रजी आवृत्तीतही निम्म्या लोकांचे ओठ शब्दांशी जुळत नाहीत. इशारा समजण्यात घोटाळा झाला म्हणून कॅमेरे सुरू होण्याआधीच नदीवरचा तो मोठा पूल उडवला गेला आणि सैनिकांनी तो पुन्हा बांधला, हा किस्सा तर प्रसिद्धच आहे. जिथे काम करणाऱ्यांनाच एकमेकांची भाषा येत नव्हती, तिथे मिरजेतल्या एका शिंप्याला मी भाषेवरून हिणवलं होतं.

म्हणूनच की काय, लिओनीनं बोलणं कमीत कमी ठेवलं. सुरुवातीची दहा मिनिटं पडद्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. वारा, कुत्रं, बुटांचा आवाज आणि चेहरे. चेहरेही कसे, तर पडदा भरून. घाम, खड, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या. आणि एन्निओ मोरिकोनीचं संगीत. कोल्ह्याच्या हाकेसारखी ती सुरुवातीची धून मिरजेच्या गल्लीतली पोरंही शीळ घालून वाजवायची. टुको कबरींमधून वेड्यासारखा धावतो तेव्हाच्या संगीतानं मेटॅलिका हा अमेरिकन बँड १९८३पासून आपले कार्यक्रम सुरू करत आला आहे. ती ऐकायला भाषा लागत नाही.

आपल्या 'शोले'वर (१९७५) लिओनीच्या चित्रपटांची छाप आहे हे आता सगळेच सांगतात. अब्बा तेव्हाच म्हणाले होते, पण ते असो.

अब्बांचा लाडका टुको. म्हणजे 'अग्ली'. चोर, लबाड, बडबड्या, देवाचं नाव घेऊन खिसे तपासणारा. चाहत्यांमध्येही त्याच्यावर जीव टाकणारे खूप आहेत. मला आधी वाटायचं, हसवतो म्हणून. पण एक प्रसंग आहे. टुको मठात जातो. तिथे त्याचा भाऊ पाद्री आहे, दोघांची कित्येक वर्षांनी भेट. भाऊ त्याला आई-बाप वारल्याचं सांगतो आणि त्याच्या जगण्यावरून बोल लावतो. टुको उसळून म्हणतो, की आपल्यासारख्या घरातून भुकेपासून सुटायच्या वाटा दोनच, पाद्री व्हायचं नाही तर दरोडेखोर. तू सोपी वाट घेतलीस. हातघाईवर येतात. मग गाडीत बसल्यावर टुको ईस्टवुडला फुशारकीनं सांगतो, माझ्या भावाचा माझ्यावर किती जीव, मला कसं पोटभर खाऊ घातलं. ईस्टवुडनं मघाचं सगळं पाहिलेलं असतं. तो त्याचं खोटं उघडं पाडत नाही, आपल्या तोंडातला चिरूट त्याच्या हातात देतो. अब्बा या ठिकाणी दर वेळी खिशातून रुमाल काढायचे. त्यांचे थोरले भाऊ फाळणीनंतर कराचीला गेले आणि दोनदाच भेटले, हे मला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी मी कधी जोडल्या नाहीत.

चाहत्यांनी काय करावं? स्पेनमध्ये, बुर्गोस प्रांतात सांतो दोमिंगो दे सिलोस नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या माळावर १९६६ साली सैनिकांनी त्या शेवटच्या प्रसंगासाठी पाच हजारांवर कबरी उभारल्या. सगळ्या खोट्या, आत कुणी नाही. मधोमध दगडी फरशीचं गोल मैदान, जिथे तिघं एकमेकांसमोर उभे राहतात. चित्रण संपलं, माणसं गेली आणि गवत माजलं. २०१५मध्ये तिथल्या काही चाहत्यांनी कुदळ-फावडी घेतली. सुट्टीच्या दिवशी जायचं आणि माती काढायची. हळूहळू देशोदेशीचे लोक येऊ लागले. मातीखाली ती फरशी निघाली. पुढच्या वर्षी पन्नासाव्या वर्षाचा सोहळा झाला, तिथेच उघड्यावर चित्रपट दाखवला. यावर २०१७ साली माहितीपटही निघाला. तो मी माझ्या मुलीसोबत पाहिला. पन्नाशीची, साठीची माणसं एका खोट्या कब्रस्तानाची माती उपसताहेत आणि फरशीचा पहिला दगड दिसल्यावर त्यांचे डोळे भरून येताहेत.

त्या कामासाठी त्यांनी वर्गणीची युक्ती काढली होती. पंधरा युरो दिले की एका कबरीवर तुमचं नाव.

मुलगी म्हणाली, "अब्बा, आपण दादांचं नाव लावू या का तिथे?"

मला एकदम हो म्हणावंसं वाटलं. मग आठवलं, मिरजेच्या कब्रस्तानात अब्बांची कबर कच्ची आहे. दगड नाही, नाव नाही. तशी त्यांचीच इच्छा होती. शबे-बरातला जातो तेव्हा लिंबाच्या झाडापासून पावलं मोजून ती ओळखतो. त्या चित्रपटातही सोनं नाव असलेल्या कबरीत नसतं. शेजारी 'अज्ञात' लिहिलेल्या कबरीत असतं. खऱ्या कबरीवर नाव नाही आणि रिकामीवर लावायचं, हे अब्बांना पटलं नसतं. मी नको म्हणालो.

त्याऐवजी मुलीला म्हटलं, तिन्ही चित्रपट बघू, तुझ्या दादांच्या क्रमानं. पहिल्या रात्री १९६६चा लावला. तीन तासांचा चित्रपट, दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचं होतं. पूल उडाला तेव्हा ती जागी होती. पडकी इमारत आली, कोट निघाला, पोरानं धूर सोडला. मी तिच्याकडे पाहिलं. ती मोबाइलवर कुणाला तरी उत्तर लिहीत होती.

मी काही बोललो नाही. रिमोट घेतला आणि चित्रपट दोन मिनिटं मागे नेला.