बारगीर, शिलेदार आणि तासावरची सायकल

१/ जव्हार-मोखाड्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा मुकणे संस्थान, शिरपामाळ आणि वारली चित्रकला या तीन ठिकाणी थांबतो. या धाग्यात एक वेगळा प्रश्न घेतला आहे. या डोंगराळ मुलखात स्वार कोण होता आणि पायी कोण चालत होते? मी याच मुलखात सायकल आणि घोडा या दोन्हींवर बसायला शिकले, म्हणून या प्रश्नाचे काही उत्तर बखरीत आणि काही माझ्या बालपणात आहे.

२/ जव्हारचे मुकणे हे कोळी राजघराणे. १३४३ साली दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने जयबा मुकण्यांचा पुत्र नेमशहा याला राजा म्हणून मान्यता दिली. या राज्याच्या स्थापनेची दंतकथा मात्र घोड्याची नाही. जयबाने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा प्रदेश वेढला, असे ती सांगते.

३/ घोडा या कथेत येतो तो १६६४ साली. सुरतेच्या वाटेवर असताना शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशहाची भेट शिरपामाळ येथे झाली, अशी परंपरा आहे. आज तेथे स्मारक आहे. शाळेची सहल तेथे गेली की प्रत्येक मूल मनातल्या मनात घोड्यावर बसते. पण त्या फौजेतील प्रत्येक स्वाराचा घोडा त्याच्या मालकीचा नव्हता.

४/ मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांचा मिळून एक जुमला. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पंचवीस घोड्यांच्या मागे पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा, असे दोघे असत.

५/ या व्यवस्थेविषयी पुढे वाचले तेव्हा मला आमच्या गावातील सायकलचे दुकान आठवले. तासाला पाच रुपये. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. सायकल मोठ्या माणसांची, काळी, उंच. आम्ही नळीखालून तिरका पाय घालून अर्ध्या पायडलवर चालवायचो, मग नळीवर आणि सर्वांत शेवटी सीटवर. मालकी दुकानाची, स्वारी आमची आणि घड्याळ दुकानदाराचे. आम्ही सगळे बारगीर होतो.

६/ नालबंदाचे काम पंक्चर काढणाऱ्याकडे आले होते. तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवी आणि बुडबुडे कोठून येतात ते आम्हांला शोधायला लावी. सायकल शिकणे म्हणजे तोल सांभाळणे, एवढेच तोवर वाटत असे. ती कशाने चालते आणि कशाने अडते, हे त्या घमेल्यापाशी कळले.

७/ घोडा मात्र एका उन्हाळ्यात, लग्नसराईत आला. वरातीसाठी आणलेली पांढरी घोडी काही दिवस आमच्या घरामागच्या झाडाखाली बांधली होती. घोडेवाल्याने सकाळी मुलांना आळीपाळीने बसवायला सुरुवात केली. मुली दूर उभ्या होत्या. त्याने मला हाक मारली तेव्हा मी आधी आजीकडे पाहिले. ती काही बोलली नाही, फक्त तिने माझ्या हातातली कळशी घेतली.

८/ लगामाला लोंबकळू नकोस, मांड घट्ट धर, असे तो सांगे. चौथ्या दिवशी घोडी माझ्यासह दुडकी चालली. सायकल माझ्या भीतीची दखल घेत नसे. घोडी घेत असे. माझे अंग आखडले की तिचे कान मागे वळत.

९/ त्या संध्याकाळी आजीने सांगितले की आमच्या घरात घोडा आजवर भिंतीवरच येत असे. वारली लग्नात तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मोठ्या चौकात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावर स्वार पंचशिऱ्या. देव स्वार, आणि भोवती नाचणारी, लाकडे वाहणारी माणसे पायी. ती रचना मी लहानपणापासून पाहत आले होते, पण अशी कधी वाचली नव्हती.

१०/ पायी चालण्याला येथे दुसराही अर्थ होता. जमीनदार आणि जंगल ठेकेदारांच्या वेठीविरुद्ध १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालील तो लढा आपण मजुरीचा आणि वेठीचा म्हणून वाचतो. कोणाचे पाय कोणाच्या कामासाठी चालतील, हा प्रश्नही त्यात होता.

११/ स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. अ‍ॅटलस १९५१ मध्ये, हीरो १९५६ मध्ये. सायकल हळूहळू सामान्य घराच्या आवाक्यात आली. पुढे राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आली. लांबच्या पाड्यावरील मुलीची शाळा अनेकदा अंतरामुळेच सुटते, हे ज्यांनी वर्गातील रिकामे बाक पाहिले त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

१२/ आठवीत मला वडिलांनी जुनी सायकल विकत घेऊन दिली. मी शिलेदार झाले. मोखाड्याच्या चढावर मात्र सायकल हातात धरून चालावेच लागे. घोडा चढावर स्वाराला वाहून नेतो, सायकलला चढावर स्वारानेच न्यायचे असते. तरीही शाळेतून परतताना उताराची पाच मिनिटे पूर्णपणे माझी असत, आणि त्यांची नोंद कोणाच्या वहीत होत नसे.

१३/ अशा नोंदी दप्तरात सापडत नाहीत. पागेचे हिशेब राहतात, सायकल दुकानाच्या वह्या रद्दीत जातात. म्हणून एक विनंती. तुमच्या घरात सायकलवर पहिल्यांदा टांग टाकणारी स्त्री कोण होती, कोणत्या साली, आणि सायकल कोणाची होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व तारखेसह लिहून ठेवा. माझ्या घरात ती मी होते. आजीला विचारले तेव्हा तिला उत्तर आठवावे लागले नाही.