आमची बीएमसी

बीएमसी म्हटलं की आपल्या मंडळींना मुंबई महानगरपालिका आठवते. मुंबईच्या आत्याला मी "बीएमसीचं काम करते" असं सांगितलं, तेव्हा तिने लगेच तिच्या सोसायटीच्या पाण्याची तक्रार ऐकवली!

माझी बीएमसी म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसवलेला हा एक चिमुकला, स्वतंत्र संगणक. सर्व्हर बंद असला तरी प्लगला वीज आहे तोवर हा जागा असतो. लांबूनच त्याच्यामार्फत सर्व्हर चालू-बंद करता येतो, तापमान आणि पंख्यांचा वेग पाहता येतो, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होत नसेल तर गाडी कुठे अडली तेही दिसतं. या कंट्रोलरशी बोलण्याची आयपीएमआय ही सामाईक पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणली. २०१५ मध्ये रेडफिश हे नवं मानक आलं, पण जुन्या यंत्रांशी अजून आयपीएमआयनेच बोलावं लागतं.

या कंट्रोलरच्या कॉन्फिगरेशन फाइली लिहिणं हे माझं काम. कंट्रोलरचा नेटवर्कवरचा पत्ता, गेटवे, कोणाला किती अधिकार, असं सगळं त्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. आम्ही फ्रीआयपीएमआय हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. त्यात चेकआउट म्हणजे सध्याच्या सेटिंग फाइलीत उतरवून घेणं, डिफ म्हणजे फरक पाहणं आणि कमिट म्हणजे बदल लागू करणं. घाईत मधली पायरी गाळायचा मोह होतो, आणि धोका नेमका तिथेच असतो. कंट्रोलरचा पत्ता त्याच्याच मार्फत बदलणं म्हणजे बसलेल्या फांदीवर करवत चालवणं. गेटवेचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की कंट्रोलर हाताबाहेर. सर्व्हर चालू असेल तर त्याच्या आतून कंट्रोलर दुरुस्त करता येतो. पण दोन्ही वाटा बंद झाल्या तर कोणीतरी उठून डेटा सेंटरला जायला हवं.

आमचे सर्व्हर नवी मुंबईत आहेत आणि मी हुबळीत. २०२२ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि पुण्याची खोली सोडून मी घरी परतले. आईला एकटीला त्यांना उठवणं-बसवणं झेपत नव्हतं. ऑफिसने परवानगी दिली, पण सहा महिन्यांनी साहेबांनी विचारलं, "यंत्र अडलं तर तू रात्रीच्या बसने येणार. तोवर काय?" प्रश्न रास्त होता. मग मी प्रत्येक सर्व्हरची फाइल नीट लिहून, तिच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायला सुरुवात केली. बदल आधी एकाच सर्व्हरवर करायचा, आणि दोन्ही वाटांना एकाच दिवशी हात लावायचा नाही, हे नियम घातले. एका रविवारी साहेबांनी न सांगता दोन सर्व्हर बंद पाडले. मी ते घरून पाऊण तासात उभे केले. तेव्हापासून परवानगी आहे, पण दर मार्चला तिचा पुन्हा विचार होतो.

वीज जाऊन परत आली की सर्व्हरने काय करायचं, हेही ठरवून ठेवावं लागतं: बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी होता तसं. हे मी आईला समजावत होते. बाबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. शब्द अजून अडखळतात, तरी म्हणाले, "सगळी... एकदम नको. भार येतो." वर्कशॉपमध्ये मोठ्या मोटारी एकामागून एक चालू करत म्हणे. आमच्याकडेही तसंच करायचं ठरलं, आणि दर सर्व्हरमागे काही सेकंदांचं अंतर ठेवलं. बाबा आता अधूनमधून विचारतात, "लाईट गेले होते का तिकडे?"

सकाळी त्यांना चिगरी बसने धारवाडला फिजिओथेरपीला नेते आणि अकराला लॅपटॉप उघडते. असं काम शिकलं तर मुलांना गावाकडे राहूनही नोकरी करता येते, हे मंडळातल्या पालकांना मुद्दाम सांगते.

आणि एक घरगुती सल्ला. कंट्रोलर असो की घरातला वायफाय राऊटर, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच टांगणं. तो आजच बदला. नवा पासवर्ड वहीत लिहा, आणि वही कुठे ठेवली ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा.