गाढवाचा पाय आणि दोन महिन्यांचा डाऊनटाइम

घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालायची, हे आपण सिनेमे बघून शिकलोय. कारणही पाठ असतं: "त्याचं हाड जुळतच नाही." मंडळी, हे अर्धसत्य आहे. हाड जुळतं. अडचण वेगळीच असते.

शर्यतीचा घोडा साधारण ४५०-५०० किलोचा. त्यातलं ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर. एक पाय गेला की त्याचा लोड शेजारच्या पायावर. एक सर्व्हर पडला की ट्रॅफिक दुसऱ्यावर जातं आणि थोड्या वेळाने तोही मान टाकतो ना, अगदी तसंच. धडधाकट पायाच्या खुराच्या आतला नाजूक थर सुजतो आणि हाड खुरापासून सुटायला लागतं. याला म्हणतात लॅमिनायटिस. २००६ ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बार्बारोचा दोनच आठवड्यांनी मागचा उजवा पाय मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट-स्क्रू बसले, मोडलेला पाय बराच सुधारलाही. पण बाकीच्या पायांत लॅमिनायटिस झाला आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला कायमचं झोपवावं लागलं. पैसा, डॉक्टर, कशाचीच कमी नव्हती. वजन नडलं.

आता आपल्याकडच्या गाढवाचं बघा. वजन शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास. तट्टू त्याहून थोडं जड. म्हणजे प्लास्टरवर आणि उरलेल्या पायांवर येणारा ताण कितीतरी कमी. शिवाय घोडा बिथरतो, पाय झाडतो. गाढव प्लास्टर घालून गुमान उभं राहतं. ज्याच्या नावाने आपण शिव्या देतो, तो पेशंट म्हणून घोड्यापेक्षा सरस!

पण गुमान उभं राहतं म्हणजे दुखत नाही असं नाही. गाढव दुखणं लपवतं. त्याने खाणं सोडलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि तेच जिवावर बेततं. जोडीदार गाढवापासून तोडलं तरी ते खंगतं. म्हणून दवाखान्यात नेताना जोडीदारालाही सोबत न्यावं म्हणतात.

मागच्या दिवाळीत अमरावतीला घरी होतो, तेव्हा आमच्याकडच्या एका वीटभट्टीवरच्या गाढवाचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला. कातडी फुटली नव्हती, म्हणजे नशीबच. तिथे हाडावर मांस नसतंच, नुसती कातडी. जनावर चार पावलं चाललं तरी हाडाचं टोक बाहेर येतं आणि मग जंतू शिरतात. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दोन-तीन महिने काम बंद. मालक त्यांचं सगळं ऐकून घेऊन मला म्हणाला, "भाऊ, दोन महिने याले चारू का पोराइले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या प्रोजेक्टमध्ये दोन तासांच्या डाऊनटाइमसाठी चार मीटिंगा होतात. या माणसाची रोजीच दोन महिने बंद. शेवटी त्याच्या भावाने आपल्या गाढवांवर त्याच्याही वाट्याच्या खेपा घेतल्या, म्हणून ते गाढव वाचलं. थोडं लंगडतं, पण चालतं. भाऊ नसता तर?

१९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. वीट तीन किलोची धरली तर सोळा विटा. सोळाच विटा लादलेलं गाढव तुम्ही कधी बघितलंय? मी तरी नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३.२ लाख गाढवं होती, २०१९ ला उरली १.२ लाख. उरलेल्यांच्या पाठीवर काय चढत असेल, विचार करा.

आता कामाचं. असं जनावर रस्त्यात दिसलं तर त्याला चालवू नका. जखम असेल तर स्वच्छ कापडाने झाका. पायाला कापसाचा जाड थर गुंडाळा, त्यावर बांबूच्या कांबी किंवा उभा चिरलेला पीव्हीसी पाइप बांधा. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे हलता कामा नयेत. टेम्पोत चढवताना पुढचा पाय मोडला असेल तर तोंड मागच्या बाजूला करून उभं करा, मागचा मोडला असेल तर पुढे. ब्रेक लागला की वजन चांगल्या पायांवर जातं. साधं फिजिक्स! एक्स-रे आणि शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. अमरावतीहून शंभरेक किलोमीटर, आणि त्याच हायवेवर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनेस रेकॉर्ड झालाय. तेव्हा रस्त्याचं कारण नको.

मांडीचं हाड मोडलं, किंवा हाड बाहेर येऊन जखम सडली, तर मात्र डॉक्टरांच्या हातून वेदना न होता सुटका, हीच दया. पण तो निर्णय एक्स-रे बघून व्हावा, "आता कायचं" म्हणून नाही.

आणि भट्टीवर कुणाचं जनावर असं अडकलं तर डॉक्टरला फोन करून थांबू नका, दोन महिन्यांच्या चाऱ्याचंही विचारा. फोनचा नंबर १९६२, टोल-फ्री. सेव्ह करून ठेवा.