कडेची खोली

नवें घर विकत घेण्यापेक्षां राहत्या घरांत एक खोली वाढविण्यांत अधिक सुख असतें, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. वाढलें तें घर मात्र माझें नव्हे, माझ्या लॅपटॉपचें. डीव्हीडी लावण्याची त्यांतील जी जागा कित्येक वर्षें रिकामटेकडी पडली होती, तिच्यांत मीं दुसरी हार्ड डिस्क बसवून घेतली.

राजारामपुरींतील दुकानदारानें प्रथम नवा लॅपटॉपच घेण्याचा उपदेश केला. दुकानदाराचा धर्मच तो! पण त्याच्या हाताखालचा मुलगा खरा जाणता. त्यानें डीव्हीडीचा ड्राइव्ह काढून त्याची जाडी मोजली. ती कांहींची १२.७, तर कांहींची ९.५ मिलिमीटर असते, आणि भलत्याच मापाची कॅडी आंत नीट बसत नाहीं. मग त्यानें नवी एसएसडी मुख्य जागीं बसविली व जुन्या डिस्कची रवानगी कॅडींतून कडेच्या खोलींत केली.

“काका, मशीन जिच्यावरनं सुरू होतं ती चपळ पाहिजे. म्हातारीला नुसतं सांभाळायचं काम.”

एसएसडींत फिरणारा भागच नसतो. आमची म्हातारी मिनिटाला ५४०० फेरे घेते. आणि तिच्या पोटांत माझ्या आईच्या ओव्या आहेत. चाळीस मिनिटें. त्या वेळीं घरांत जातें उरलें नव्हतें. आईनें ताट उपडें घालून त्यावर हात फिरवीत त्या म्हटल्या आणि मध्येंच थांबून ‘झालं का रे?’ असें विचारलें. आई आतां नाहीं. ओव्यांहून तो प्रश्नच मी अधिक वेळां ऐकतों.

त्याच संध्याकाळीं ओव्यांची एक प्रत एसएसडीवर उतरविली. पण दोन्ही प्रती एकाच यंत्रांत. तें चोरीस गेलें वा बुडालें, तर दोन्ही एकदमच जाणार. जागा वाढली, एवढेंच. ह्या गांवाला तरी हें समजावून सांगावें लागूं नये. बाबूराव पेंटरांनीं येथें महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ तिचाच. तो आज पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची नायट्रेटची फीत पडल्या जागीं कुजे आणि ठिणगी लागतांच भडके. फितीचें राहूं द्या. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगा गांवांत शिरली, तेव्हां तळमजल्यावरच्या कपाटांची वरची फळी ती कितीशी उंच ठरणार?

तिसरी प्रत सुट्या डिस्कवर घेतली. सांगलीची बहीण म्हणाली, “दादा, माझ्याकडे ठेव.” पण कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीस भेटतात, एकीचें दुखणें दुसरीला कळल्यावांचून राहात नाहीं. शेवटीं ती डिस्क पुण्यास भाचीकडे धाडली. तिनें ती रात्रीं लावून ऐकली असावी. सकाळीं फोन आला.

“मामा, ‘झालं का रे’ असं आजी कुणाला विचारते?”