अकरा वह्या, एकच चूक

गेल्या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीची गोष्ट. ऑफिस सुटून घरी येतो तो ओट्यावर चार-पाच पालक बसलेले. "भाऊ, एक अर्ज लिहून द्या. कॉलेजातल्या सरनं आपल्या पोरायच्या तर्कशास्त्राच्या वह्या वापस केल्या. गृहपाठाले शून्य. आपले आहेत म्हणून."

अर्ज लिहिणे हे आमचे नेहमीचेच काम. वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत आमच्या अक्षरातले कागद पडले असतील. भेदभाव होतो हे तर आम्ही स्वतः भोगलेले. कागद पुढे ओढला, 'विषय' लिहिला, आणि कारकुनी सवयीने म्हटले, पुरावा लागेल, वह्या आणा.

सात वह्या आल्या. बी.ए. पहिल्या वर्षाचा गृहपाठ, जर-तर विधानांची सत्यता-कोष्टके. सगळ्यांची तिसरी ओळ चुकलेली. ती चूक कुणाचीही होऊ शकते. 'पाऊस पडला तर रस्ता ओला होईल' हे विधान, पाऊस न पडता टँकर सांडून रस्ता ओला झाला तरी खोटे ठरत नाही. नवख्याला हे लवकर पटत नाही. पण सहावा प्रश्न दोनदा आणि सातवा गायब, हे सातही वह्यांत कसे?

"मूळ वही माझी आहे बाबा," आमची मुलगी दारातून बोलली. तिने वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता. सोयाबीनची सोंगणी चालू, मुले दिवसभर आईबापांसोबत शेतात, वेळ कुणाला होता! "सरांनी अकरा वह्या परत केल्या. एक माझी. तीन दुसऱ्या समाजाच्या आहेत."

आम्ही गप्प झालो. सर भेदभाव करीत असतील तर आपल्या मुलांना शून्य देतील, शून्य दिले, म्हणजे भेदभावच. रस्ता ओला दिसला म्हणून पाऊस पडला, असेच आम्ही धरून चाललो होतो. तोच दोष मुलांच्या पुस्तकात शिकवलेला.

आपल्याच परंपरेतल्या आचार्य दिङ्नागांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. कुणी सांगितले एवढ्यावरच ज्ञान झाले, हे त्यांनी स्वीकारले नाही. दुसऱ्याच्या वहीतले उत्तर तरी वेगळे काय? बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 साली लंडनला निघाला. त्याला प्रास्ताविक लिहिताना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपल्याला काही मते पटत नसल्याचे मोकळेपणाने लिहिले. मते बाबासाहेबांची स्वतःची होती, म्हणून तर वाद घालता आला.

हे ओट्यावर सांगायला तोंड नव्हते. बी.कॉम.ला हिशेबाची वही आम्ही एका वरच्या वर्गातल्या मित्राची उतरवली होती. गुण मिळाले. पुढे नोकरीत बँक जुळवणी पत्रक समोर आले तेव्हा घाम फुटला. एका वयस्कर सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत पंधरा दिवस शिकवले. तेवढे मात्र पालकांना सांगितले. एक माउली म्हणाली, "तुम्हाले कोणी शिकवणारं भेटलं. आमच्या पोराचं काय?" ती खोटे बोलत नव्हती.

अर्ज शेवटी लिहिला, पण दुसराच. गृहपाठ पुन्हा करू द्यावा, अशी विनंती. सह्या मुलांच्या. आमची मुलगी सही करीना. "मी तर स्वतः केलं होतं, मला शून्य का?" फोटो टाकणे हीही चूक, असे आम्ही म्हटले, पण तिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही पूर्ण झाले नाही. सही तिने दुसऱ्या दिवशी केली.

सरांनी आठ दिवस दिले. रविवारी विहारातल्या अभ्यासिकेत मोबाईल एका टोपलीत ठेवून मुले बसली. सातांपैकी पाच आली; दोघे सोंगणीला गेले होते, त्यांना रात्री बसवले. दोघांची कोष्टके पुन्हा चुकली. पण एकाचे तिसऱ्या ओळीत, दुसऱ्याचे चौथ्या.