राहनाळचे बारा महिने

'सांस्कृतिक कार्यक्रम' हा शब्दप्रयोग आपल्या महाविद्यालयांत इतका रुळला आहे की त्यातील दोन शब्दांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. कार्यक्रमाला आरंभ असतो, दीपप्रज्वलन असते, प्रमुख पाहुणे असतात आणि शेवटी आभारप्रदर्शन असते. संस्कृतीला यांपैकी एकही गोष्ट अनिवार्य नाही. तरीही सांस्कृतिक म्हणून जे काही असते ते कार्यक्रमाच्या रूपातच आपल्यासमोर यावे, अशी एक अपेक्षा शिक्षितवर्गात मुरलेली आहे.

युरोपात या अपेक्षेला धोरणाचेच रूप मिळाले. अभिनेत्री आणि पुढे ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री झालेल्या मेलिना मर्क्युरी यांच्या पुढाकाराने 1985 मध्ये अथेन्स हे पहिले 'युरोपीय सांस्कृतिक शहर' ठरले. 2010 मध्ये हा मान एसेन आणि इस्तंबूल यांच्याबरोबरीने हंगेरीतील एका शहराला मिळाला. त्याच्या नावाचा उच्चार 'पेच' असा होतो. येथील खाणी बंद पडल्या होत्या; झोल्नाई या जुन्या चिनीमाती कारखान्याच्या आवाराचे कलासंकुल करण्यात आले, कोदाय यांच्या नावाचे संगीतगृह उभे राहिले आणि वर्षभर कार्यक्रमांची रांग लागली. शहराच्या मुख्य चौकात कासिम पाशाची मशीद आहे; आज ती कॅथलिक चर्च म्हणून वापरात आहे. उद्योग ओसरलेले, अनेक धर्मांचे थर अंगावर बाळगणारे असे हे शहर. वर्णन वाचताना आम्हांला भिवंडी आठवली यात नवल नाही. तो पेच आमच्याही दाराशी आहे. फरक एवढाच, की आमच्याकडील सांस्कृतिक वर्षाला कुणी संचालक नाही.

आम्ही राहनाळच्या परिसरात राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. राहनाळ हे मूळचे भातशेतीचे, आगरी वस्तीचे गाव. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. त्यामुळे राहनाळ, काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यातील शेतांवर एकामागून एक गोदामे उभी राहिली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात संपली; पण गोदामे संपली नाहीत, उलट घरपोच खरेदीच्या व्यापाराने ती अधिकच विस्तारली. पलीकडे भिवंडी शहरात यंत्रमागांची खडखड आहे. तीही गेल्या काही वर्षांत अनेक गल्ल्यांतून थांबली आणि कित्येक माग भंगारात गेले. शेत नाही, माग डळमळीत, आणि उत्सव मात्र वर्षागणिक मोठे. या विसंगतीने आम्हांला विचारात पाडले.

म्हणून गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाला आम्ही एक काम दिले. प्रत्येकाने एक वही करायची आणि आपल्या गावात वा मोहल्ल्यात बारा महिने जे जे साजरे होते त्याची नोंद ठेवायची. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (1956) निसर्गाचे बारा महिने आहेत. आम्हांला माणसांचे हवे होते. तिथी, जागा, वर्गणी कुणाची, उभे कोण, बसलेले कोण, गाणारे कोण, एवढेच लिहायचे. मत लिहायचे नाही.

वह्या परत आल्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले ते असे की एकाच शहरात अनेक पंचांगे चालतात. चैत्रात आगरी-कोळी कुटुंबे कार्ल्याच्या एकवीरेला जातात. त्याच महिन्यात तालुक्यातील वज्रेश्वरीची यात्रा भरते. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी हे मंदिर बांधल्याचे परंपरा सांगते. भाद्रपदात गणपती आणि गौरी. त्या महिन्याच्या अमावास्येला तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाच्या स्त्रिया बतुकम्मा मांडतात, तरवड आणि झेंडूच्या फुलांचे थर रचून. आपल्या भोंडल्याच्या फेराशी त्या फेराचे साम्य एका विद्यार्थिनीने स्वतःहून टिपले होते. कार्तिकात उत्तरेकडील कामगारांची छठ असते. मोहरम दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि काही वर्षांतून एकदा गणेशोत्सवाच्या शेजारी येऊन उभा राहतो. याउलट मलंगगडावरील हाजी मलंगचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो, म्हणजे दर्ग्याचा दिवस हिंदू तिथीने ठरतो. पंचांगांची ही सरमिसळ कोणत्याही धोरणाने घडवलेली नाही.

येथे कुणी म्हणेल की हे सारे फार गोड झाले. तसे ते नाही, आणि भिवंडीविषयी लिहिताना तर तसे म्हणण्याची मुभाच नाही. 7 मे 1970 रोजी येथे दंगल उसळली ती शिवजयंतीच्या मिरवणुकीतूनच. तेव्हा शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला साजरी होत असे. न्यायमूर्ती मादन आयोगाने या घटनांची प्रदीर्घ चौकशी केली. 1984 च्या मे महिन्यात शहर पुन्हा जळाले. मिरवणूक म्हणजे रस्त्यावर लिहिलेले एक संहितापत्रच असते. कुठून जायचे, कोणत्या दारासमोर थांबायचे, कोणती घोषणा कुठे द्यायची, यात तिचा अर्थ असतो. 1988 मध्ये येथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी नियमित बोलावे, एवढेच त्यांचे मर्म होते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, हा इतिहास आहे. शहराच्या सांस्कृतिक वर्षाचा विचार करताना आम्ही त्या समित्यांच्या बैठकाही त्यात धरतो. त्यांची छायाचित्रे निघत नाहीत, पण उत्सव त्यांच्यावर उभे असतात.

वह्यांतील दुसरी गोष्ट आमच्या विषयाच्या अधिक जवळची आहे. एम.ए.च्या वर्गात आपण महदंबेचे 'धवळे' शिकवतो. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगाच्या निमित्ताने ते रचले गेले; मराठीची आद्य कवयित्री म्हणून महदंबेचा उल्लेख होतो. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला आहे. धवळे म्हणजे विवाहगीत, ही व्याख्या आम्ही फळ्यावर लिहिली तेव्हा राहनाळजवळच्या एका गावातील विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माझी आजी धवलारीन आहे."

आगरी लग्नात मुहूर्तमेढीपासून हळदीपर्यंतचे विधी गाण्याने चालवणारी ती धवलारीन. वारल्यांकडे तीच धवलेरी. मंत्रांच्या जागी तिचे गाणे असते. ती गाते म्हणून विधी पुढे सरकतो. साहित्येतिहासातील एका काव्यप्रकाराचे नाव आणि शेजारच्या घरातील एका म्हातारीचा मान यांत सात शतकांचे अंतर आहे. दोहोंमधील परंपरेची साखळी सिद्ध करणे हे संशोधकाचे काम; पण शब्द एक, प्रसंग एक आणि गाणारी स्त्री, एवढे तर डोळ्यांपुढे आहे.

त्या मुलीने आजीची गाणी उतरवून घ्यायचे ठरवले. चार दिवसांनी ती वही मिटून आली. आजी तिला म्हणाली होती, "लिवून काय करशील बाय, माजे संगती गा." आम्ही या वाक्याचा बराच विचार केला. लोकसाहित्याचे आपले शास्त्र संकलनावर उभे आहे. सरोजिनी बाबरांसारख्यांनी ते केले नसते तर आज आपल्या हाती काय उरले असते? पण आजीला संग्राहक नको होती, झील धरणारी हवी होती. धवला एकटीने पुरा होत नाही. एकीने म्हणायचे आणि इतरांनी उचलायचे, हीच त्याची रचना. ऐकणारे कितीही वाढले आणि उचलणारे कुणी नसले, तर धवला कार्यक्रम होतो. संस्कृती आणि कार्यक्रम यांतील जो फरक आम्ही शोधत होतो, तो त्या म्हातारीने एका ओळीत करून दाखवला.

आता हळदीच्या रात्री गावोगाव डीजे असतो. त्याला नावे ठेवण्यात आम्हांला रस नाही. गोदामाच्या भाड्यातून आलेला पैसा ज्या घरात पहिल्यांदा मोठ्याने बोलू शकला, त्या घराने मोठा आवाज निवडला तर त्यामागे एक सामाजिक इतिहास आहे. नाचणाऱ्या तरुण मुलींना त्या रात्री जी मोकळीक मिळते, तीही वह्यांत नोंदलेली आहे आणि ती खोटी नाही. प्रश्न आवाजाचा नाहीच. गाणाऱ्या बाईचे विधीवरील जे स्वामित्व होते ते कुठे गेले, हा आहे. डीजे वाजतो तेव्हा विधी त्याच्यासाठी थांबतो. धवलारीन गात असे तेव्हा विधी तिच्यामुळे चालत असे.

साहित्याच्या अध्यापकांनी यात काय करावे? महदंबेवर प्रश्न विचारताना 'आपल्या परिसरातील विवाहगीत परंपरेशी तुलना करा' असा उपप्रश्न घालता येईल. आम्ही तो घातला आहे. गाणाऱ्या स्त्रीला पाहुणी म्हणून नव्हे, तर अध्यापक म्हणून तासाला बोलावता येईल, आणि अध्यापकाचे मानधन तिला देता येईल. याहून अधिक आपल्या हाती फारसे नाही. बाकीचे त्या घरातल्या मुलींच्या हाती आहे.

त्या विद्यार्थिनीचे लग्न येत्या वैशाखात आहे. डीजे ठरला आहे. आजीसाठी एक तास राखून ठेवावा, असा तिचा आग्रह आहे; घरात अजून त्यावर बोलणे चालू आहे. तिने आजीबरोबर तीन धवले बसवले आहेत. स्वतःच्या हळदीत नवरीने गायचे नसते, म्हणून ती सध्या दोन चुलत बहिणींना शिकवते आहे.